ताटाबाहेरचं

डुबलांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चार हृदयं धडधडत असत आणि त्यांतलं सगळ्यांत तंदुरुस्त हृदय सुलभाचं होतं. याचा तिला अभिमान होता, आणि तो लपवून ठेवावा असं तिला कधी वाटलं नाही. कुणी पाहुणं आलं की चहा टाकायच्या आधी ती त्यांना पडद्यासमोर उभं करायची. "हे आमच्या ह्यांचं. लाल होतं, मी हिरवं केलं. ही दोन पोरांची. आणि हे माझं." शेवटचं वाक्य ती मुद्दाम साधेपणानं म्हणायची, पण ऐकणाऱ्याला ते बरोबर ऐकू जायचं.

लाल होतं तो काळ घरात कुणी विसरलं नव्हतं. उत्तमराव डुबलांचं कराडात मोटारी रिवाइंड करायचं दुकान. तीन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची दारात रांग लागलेली असताना, तांब्याची तार हातात घेऊनच ते खाली बसले. बायपास झाली. दवाखान्याच्या बाकावर बसून सुलभानं मनाशी ठरवलं, की या माणसाला परत इथं येऊ द्यायचं नाही. सुलभाचं ठरलं की ठरलं. तिच्या माहेरची माणसंही त्याला वचकून असत.

त्याच साली विमा कंपनीनं घरात माणशी एक ताट दिलं. दिसायला साधं, पांढरं. पण काठात बारीक दिव्यांची माळ दडलेली. त्यांचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तो पदार्थावर पडतो आणि परततो. तेल, पिष्ट, प्रथिनं, तंतू असा प्रत्येक जण त्यातला आपापला वाटा गिळतो, आणि कोणता वाटा परत आला नाही यावरून ताटाला कळतं की समोर काय वाढलंय. तळाशी काटा आहे. त्यावरून किती होतं आणि किती पोटात गेलं हेही कळतं. नवं काही वाढलं की काठ क्षणभर उजळतो, नको ते वाढलं की लाल होतो. ही सगळी माहिती जाते तुमच्या 'जुळ्या'कडे. जुळं म्हणजे यंत्रात वाढवलेली तुमची प्रतिकृती: तुमचं वय, आईवडलांचे आजार, सुरुवातीला एकदा दिलेलं रक्त, तुमच्या यकृताची चाल. ताटातला घास तुम्ही खाता, तसा तो तिकडं जुळंही पचवतं, आणि तुमच्या रक्तवाहिन्यांत आज काय चाललं असेल ते भिंतीवर दाखवतं. हा अंदाज इतका बरोबर येऊ लागला, की लोकांनी रक्त तपासून घेणं जवळपास सोडूनच दिलं. डॉक्टरही नाडीच्या आधी जुळं बघायला लागले.

"नुसतं तेल-तूप कमी करून भागणार नाही, काकू," डॉ. शबनम मोमीन यांनी तेव्हा सांगितलं होतं. "पोटात काय घालायचं तेही बघा."

मग त्यांनी समजावलं. कोलेस्टेरॉल काही वैरी नाही. पेशींच्या भिंती त्याच्याच, पचनाचं पित्तही त्याचंच. पण ते रक्तात एकटं फिरू शकत नाही, म्हणून यकृत त्याची बारीक गाठोडी बांधून पाठवतं आणि फिरून आलेली गाठोडी परत ओढून घेतं. साय, तूप, मटणाची चरबी जास्त झाली की यकृताचा हा ओढून घेणारा हात ढिला पडतो. गाठोडी रक्तात साठतात, वाहिन्यांच्या भिंतीत शिरतात, तिथं थर चढतो. याउलट घेवडा, जव, मेथी यांच्यात एक विरघळणारा तंतू असतो. तो आतड्यात बुळबुळीत होतो, पित्ताला धरतो आणि बरोबर घेऊन बाहेर पडतो. मग नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावंच लागतं.

सुलभाला हे फार आवडलं. तिनं घरी येऊन दुसऱ्या दिवसापासून कारभार हातात घेतला. ज्वारीच्या पिठात जव मिसळले. कोरेगावचा वाघ्या घेवडा पोत्यानं आणला. भाकरीवर तुपाऐवजी जवसाची चटणी आली, फोडणीला करडईचं तेल आलं.

"हे म्हशीला घालतात, सुलभा," उत्तमराव पहिल्या आठवड्यात ताटाकडं बघत म्हणाले.

"म्हशीला कधी बायपास झालेली बघितलीय?"

दुधावरची साय त्यांच्या पेल्यातून गेली. उकडलेल्या अंड्यातला पिवळा भाग गेला. पांढरं तेवढं ताटात. रविवारच्या मटणाची चरबी कापून बाजूला, रश्श्यावरची तर्री पळीनं काढून बाजूला. नियम एकट्याला जाचतो म्हणून तो समरजित आणि ईश्वरी या दोन्ही पोरांनाही लागला. समरजित बापाबरोबर दुकान बघायचा, ईश्वरी शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. दोघांनी कुरकुर केली आणि खाल्लं. वर्षभरात भिंतीवरचं लाल हृदय पिवळं झालं, मग हिरवं. ज्या दिवशी ते हिरवं झालं त्या दिवशी सुलभा देवापुढं बसून रडली होती.

तिचं स्वतःचं ताटही रोज मांडलं जायचं. तव्यावरची शेवटची भाकरी उतरली, सगळ्यांचं झालं, की ती अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ वाढून घ्यायची आणि ओट्याला टेकून उभ्यानं चार घासांत संपवायची. सुरुवातीला एकदा ताटानं तिला विचारलंही होतं, 'एवढंच जेवता?' तिनं 'हो'वर बोट ठेवलं. तिच्या मते ते अगदी खरं होतं. बाकीचं काही जेवण नव्हतं, ती आवराआवर होती. वजन थोडं वाढत होतं, पण ते वयानं वाढतंच, असं ती म्हणाली. यंत्रानंही तिची पचनाची चाल मंद धरून हिशेब जुळवून टाकला.

त्या चैत्रात कुरडया घालायच्या होत्या. गव्हाच्या चिकाचं पातेलं घेऊन सुलभा गच्चीचा जिना चढली आणि मधल्या वळणावर तिचा श्वास अडकला. छातीत कळ वगैरे काही नाही. नुसता जबडा आतून ओढल्यासारखा झाला आणि अंगाला घाम फुटला. वर वाळवणाचा कागद अंथरून बसलेली ईश्वरी धावत खाली आली.

"आई, बस इथंच. पातेलं दे."

"अगं, चीक गार होतोय. गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही."

"आई, बस."

लेकीचा आवाज ऐकून सुलभा बसली. थोड्या वेळात सगळं ओसरलं आणि कुरडया झाल्याही, पण ईश्वरीनं ऐकलं नाही. संध्याकाळी तिनं आईला डॉक्टरांकडं नेलं.

डॉ. मोमीन यांनी पडद्यावर सुलभाचं जुळं उघडलं. वाहिन्या स्वच्छ, धडधड ठणठणीत. बसल्या बसल्या काढलेल्या कार्डिओग्राममध्येही काही दिसलं नाही. "काकू, तुमचं जुळं मी बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवावं असं आहे. पित्त झालेलं दिसतंय. या गोळ्या घ्या. परत असं झालं तर मात्र लगेच यायचं."

सुलभा खूश होऊन घरी आली. परत तसं झालं, दोनदा झालं, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. हिरव्या हृदयाच्या बाईनं कसली तक्रार करायची?

मग ताटं घरात येऊन तीन वर्षं झाल्याचा दिवस आला. जेवणं चालू होती. तव्यावर भाकरी होती, शेजारच्या शेगडीवर लोणी कढून तूप झालं होतं. ते गाळून सुलभानं तळाची बेरी साखर घालून चमच्यात घेतली होती, लहानपणापासून आवडायची तिला. इतक्यात भिंतीवरचा पडदा वाजला. त्यावर फुलं उधळली गेली आणि अक्षरं आली: 'अभिनंदन! तीन वर्षांत तुमच्या कुटुंबानं चाळीस किलो चरबी ताटातून टाळली.'

"चाळीस किलो," समरजित म्हणाला. "म्हणजे ईश्वरी जवळजवळ."

"गप रे."

"ही सगळी करामत तुमच्या आईची," उत्तमराव म्हणाले. त्यांनी मनापासूनच म्हटलं होतं.

सुलभानं चमचा तोंडात घातला आणि तिथंच थांबली. टाळली म्हणजे कुठं गेली?

दूध पूर्वीइतकंच येत होतं, त्याच म्हशीचं. अंड्यांचा ट्रे तेवढाच. मटण तेवढंच. आणि डुबलांच्या घरात अन्न कचऱ्यात गेलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. सासूबाई गेल्या तरी त्यांचा तो नियम घरात होता. तूप विकायला जायचं थोडं, पण साय? ती दुपारी भांडी घासायला काढायच्या आधी पातेलं बोटानं पुसून खाल्ली जायची. अंड्यातला पिवळा भाग तव्यावर परतून, मीठ टाकून. मटणाची चरबी रविवारी रात्रीच्या भातात. तर्री सोमवारच्या शिळ्या भाकरीबरोबर, कारण ती चुरून खायला झकास लागते. पोरांच्या ताटात राहिलेलं, पातेल्याची खरवड, आणि आत्ता ही बेरी. यांतलं काहीही पांढऱ्या ताटात कधी पडलं नव्हतं. नवऱ्याच्या ताटातून तिनं जे जे काढलं होतं, ते घराबाहेर गेलंच नव्हतं. ते ओट्यापर्यंत आलं होतं आणि तिच्या पोटात गेलं होतं.

तिला आधी हसू आलं. मग जिन्याचं वळण आठवलं आणि भीती वाटली. आणि मग राग आला, इतका की कानशिलं तापली. सगळ्यांना मोजलं आपण, आणि आपल्याला कुणी मोजलं नाही. आपणही नाही.

"आई, भाकरी करपली," समरजित म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणाला न सांगता एकटीच दवाखान्यात गेली. "मॅडम, माझं जुळं खोटं आहे," ती खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं.

डॉ. मोमीन हसल्या नाहीत. "जबडा ओढतो म्हणालात ना तुम्ही त्या दिवशी," त्या शेवटी म्हणाल्या. "बायकांचं हृदय पुष्कळदा असंच सांगतं. छातीत दुखत नाही. मी त्या हिरव्या रंगावर विसंबले, माझं चुकलं. आज सगळं करून घेऊ."

रक्त काढायच्या नळ्या कुठल्या कपाटात आहेत हे नर्सला शोधावं लागलं. चालत्या पट्ट्यावरची तपासणी, जबडा परत ओढायला लागल्यानं, मध्येच थांबवावी लागली. कोलेस्टेरॉल उत्तमरावांचं बायपासच्या वेळी होतं त्याहून वर निघालं. दोन दिवसांनी वाहिन्यांचं चित्र काढलं, तेव्हा त्यांतली एक निम्म्याहून जास्त अरुंद झालेली दिसली.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता तरी गोळ्यांवर आणि खाण्यावर भागेल. पण नीट ऐका. गोळीचं प्रमाण दर आठवड्याला जुळं ठरवणार. मी आज खरे आकडे भरलेत, म्हणून आज ते खरं आहे. उद्या परत तुम्ही ओट्यापाशी काही तोंडात टाकलंत, की ते खोटं होणार आणि गोळीही चुकणार. तेव्हा जे तोंडात जाईल ते आधी ताटात. आणि बसून जेवायचं."

"ताटात घेते. पण बसून कशाला?"

"उभं राहिलं की हात पातेल्याकडं जातो, काकू. माझाही जातो."

रिक्षात सुलभा त्याच वाक्याचा विचार करत होती. गोळ्या कितीही कडू असत्या तरी तिनं घेतल्या असत्या. साय सोडायला तिला अवघड नव्हतं. बसणं अवघड होतं. डुबलांच्या घरात भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची, फुगलेली, वाफ निघणारी. उत्तमरावांनी जन्मात गार भाकरी खाल्ली नव्हती. आधी आईनं वाढली, मग सुलभानं. ती बसली तर तव्यापाशी कोण? आणि बसली नाही तर पुढच्या चैत्रात जिन्यावर कोण?

रात्रीच्या जेवणापर्यंत तिनं कुणाला काही सांगितलं नाही. फक्त आवराआवरीचं जे जे निघालं ते खाल्लं नाही, तर आपल्या पांढऱ्या ताटात रचत गेली. साय, पिवळे बलक, रविवारची उरलेली तर्री आणि चरबीचे तुकडे, समरजितनं टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याची खरवड. सगळे जेवायला जमले तेव्हा ते ताट तिनं मध्ये ठेवलं. काठ लाल चमकत होता.

"हे काय?" ईश्वरीनं विचारलं.

"माझं जेवण. रोजचं. तुम्ही कधी बघितलं नाही म्हणून आज दाखवतेय."

मग समरजितची नजर भिंतीकडं गेली. तीन हृदयं हिरवी होती आणि चौथं लाल. त्यानं आईकडं पाहिलं. तिनं दवाखान्याची हकीकत सांगितली, थोडक्यात, आवाज न चढवता.

उत्तमरावांचा चेहरा उतरला. पण माणूस घाबरला की आधी रागावतो, तसे ते रागावले. "आम्ही तुला कधी जेवू नको म्हटलं का?"

"नाही म्हटलं. जेव म्हणालात रोज. 'आमच्याबरोबर बस' नाही म्हणालात."

"पण हे खायला कुणी सांगितलं होतं, आई?" समरजित म्हणाला. "टाकून द्यायचं की."

"तू टाक."

तो उठला. ताट घेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी गेला, पायानं झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला. पिवळेधमक बलक, जाड साय. आजीच्या मांडीवर बसून तो ताटातलं शीत न् शीत वेचायला शिकला होता. झाकण मिटलं. तो ताट घेऊन परत आला आणि खाली ठेवलं.

"नाही टाकवत," तो म्हणाला.

"मलाही नाही टाकवलं," सुलभा म्हणाली. "म्हणून ते आता घरात यायचंच नाही. दूध उद्यापासून निम्मं, आणि तेही गाईचं. अंडी मोजकी, मटण निम्मं. आणि उद्यापासून भाकऱ्या आधी करून दुरडीत ठेवणार. मी तुमच्याबरोबर बसणार."

"आधी करून?" उत्तमरावांनी विचारलं. घरात एवढं सगळं झालं तरी हा शब्द त्यांना टोचलाच.

"आधी करून."

उत्तमरावांनी पाण्याचा तांब्या पुढं ओढला. मग भिंतीकडं बोट करून म्हणाले, "रविवारी अक्का माहेरपणाला यायच्यात. तेवढा तो पडदा बंद ठेवू. लोक म्हणतील, बायकोला काय घालतो हा खायला."

"चालू राहील. तुमचं लाल होतं तेव्हा मी बंद केला होता का?"

रात्री उत्तमराव एकटेच बराच वेळ त्या पडद्यासमोर उभे होते. ते काय बघत होते ते सुलभाला माहीत होतं. याच रंगाचं हृदय घेऊन ते एकदा दुकानात खाली बसले होते. ती आत जाऊन झोपली, त्यांना हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्या थापल्या, भाजल्या, फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवल्या. शेगडी बंद केली. घेवड्याची उसळ, मेथीची भाजी, जवसाची चटणी, ताक. चार ताटं मांडली आणि चौथ्यापाशी ती स्वतः बसली. पाठ अवघडल्यासारखी झाली. परक्याच्या घरी पंगतीला बसल्यागत वाटत होतं. पोरं तिच्याकडं न बघायचा प्रयत्न करत होती.

उत्तमरावांनी दुरडीतली भाकरी घेतली, तुकडा मोडला आणि तोंडाशी नेता नेता थांबले.

"गार झालीय."

सुलभाचा गुडघा आपोआप उचलला गेला. इतक्या वर्षांची सवय; हात टेकून ती अर्धी उठलीही होती. ईश्वरीचा घास हातातच राहिला. सुलभानं गुडघा खाली टेकवला, नीट मांडी घातली आणि उसळीत भाकरी बुडवली.

"होय," ती म्हणाली. "आज सगळ्यांचीच गार आहे."

उत्तमरावांनी हातातला तुकडा खाली ठेवला. मग त्यांची नजर तिच्या ताटावर आली. तिथं उसळ होती, भाजी होती, आणि कडेला अर्धी भाकरी. ती स्वतःला किती वाढून घेते ते एवढ्या वर्षांत त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी दुरडीवरचं फडकं बाजूला केलं, एक अख्खी भाकरी काढली आणि तिच्या ताटात ठेवली. काठ क्षणभर उजळला आणि शांत झाला.

"ह्या ताटाला सांगून ठेवलंयस, मी अर्धीवर जगते म्हणून," ते म्हणाले. "आता खरं कळू दे. पुरी खा."

सुलभानं ती भाकरी पुरी खाल्ली.